सगळ्यांच्या फोटोतला कोट

मित्रांनो, मी एक जुना काळा कोट आहे आणि तुम्ही मला पाहिलेलं आहे. उगाच मान हलवू नका. आमच्या भागात राहणारे असाल, तर घरातल्या मोठ्या माणसांची ओळखपत्रं एकदा हातात घेऊन बघा. आईचं, बाबांचं, आजोबांचं. चेहरे वेगवेगळे, पण गळ्याखाली तोच काळा कोट आणि कॉलरवर एक चकाकणारी सेफ्टी पिन दिसली, तर समजा, तो मीच. नाक्यावरच्या फोटो स्टुडिओत मी खुंटीवर असतो. सरकारी कामासाठी फोटो हवा असेल आणि अंगावरचे कपडे त्या तोलाचे नसतील, तर मला चढवायचं, फोटो काढायचा आणि परत अडकवायचं, अशी आमच्याकडची रीत आहे.

माझा जन्म मात्र एकाच माणसासाठी झाला होता. नाक्यावरच्या शिंप्याकडे एका बड्या गिऱ्हाइकाने माझं माप दिलं. रेशमी अस्तर, हाताने केलेली काजं, आतल्या खिशाला वेगळी झडप. काय ती माझी मिजास! मी तयार होऊन दुकानात लटकलो आणि धन्याची वाट बघत बसलो. धनी काही आला नाही. त्याची दूर कुठेतरी बदली झाली, एवढंच कानावर आलं. शेवटी शिंप्याने मला शेजारच्या फोटोवाल्या काकांच्या हातात ठेवलं. "ज्याच्यासाठी शिवला तो आला नाही," तो म्हणाला, "आता येईल त्याला घाला."

काकांनी पहिल्याच दिवशी काय केलं असेल? कात्री घेतली आणि माझी पाठ वरपासून खालपर्यंत उभी चिरली! मला वाटलं, संपलं आपलं. पण काकांचा हिशेब वेगळा होता. पाठ उघडी असली की मी कुणाच्याही अंगाला बसू शकत होतो. जाडा माणूस आला तर पाठ उघडी ठेवायची, बारीक आला तर काकू मागून कापड ओढून कपडे वाळत घालायचे चिमटे लावायच्या. तेव्हापासून मी समोरून साहेब आणि मागून वाळत घातलेले कपडे, असा झालो. सुरुवातीला फार लाज वाटली. मग सवय झाली, आणि मग खरं सांगतो, गंमत वाटायला लागली.

कारण माझ्या आत कोण कोण येऊन गेलं! पहाटे बस चालवणारे आले, दवाखान्यातल्या सुईणी आल्या, आखाड्यातला पहिलवान आला. तो शिंकला आणि सगळे चिमटे फटाफट उडाले. शाळेच्या मुख्याध्यापिका आल्या आणि त्यांच्या शाळेचा शिपाईही आला, दोघंही एकाच सकाळी, एकामागून एक. फोटोत दोघांचा रुबाब सारखाच. एकदा परगावचा एक विद्यार्थी आला. नोकरीच्या अर्जाला फोटो हवा होता. त्याने मला नाकाशी धरून हुंगलं, "डांबराच्या गोळ्यांचा वास येतोय," म्हणून तोंड वाकडं केलं, आणि घाईघाईत फोटो काढून निघून गेला. डाव्या भुवईत खाच होती त्याच्या. तो मुलगा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

माझं कौतुक काही कमी झालं नाही. काका येईल त्याला सांगायचे, "या कोटाने किती जणांना नोकऱ्या लावल्यात, विचारू नका." पण कौतुक करणं वेगळं आणि काळजी घेणं वेगळं. पहिलवान शिंकला तेव्हाच माझी कॉलर शिवणीतून उसवली होती. काकूंनी घाईत एक सेफ्टी पिन अडकवली आणि म्हणाल्या, "उद्या शिवते." तो उद्या काही उजाडला नाही. पिन हळूहळू वाकली आणि तिचं टोक मानेला टोचायला लागलं. जो तो मला घालताना "आई गं!" म्हणायचा, फोटो काढायचा, मान चोळायचा आणि मला खुंटीकडे भिरकावून चालता व्हायचा. गिऱ्हाइकांना वाटायचं स्टुडिओवाले बघतील. स्टुडिओवाल्यांना वेळ नव्हता. माझ्या खिशात कुणीतरी चॉकलेटचा कागद कोंबला होता, तोही कितीतरी वर्षं तसाच होता.

मग एके दिवशी पाळणाघरातली मावशी आली.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक पाळणाघर आहे. कामाला जाणारे आईबाप आपली तान्ही मुलं सकाळी तिथे सोडतात आणि संध्याकाळी घेऊन जातात. ही मावशी ते सांभाळायची. ती मूळची दुसऱ्या देशातली. लग्न करून नवऱ्याच्या नोकरीपायी इकडे आली. नवरा आजारपणात गेला, पण मावशी इथेच राहिली, कारण तिची मुलगी इथे जन्मली होती आणि तिकडे मावशीचं आता कुणीच उरलं नव्हतं. मुलगी जन्मापासून इथली नागरिक, शाळेत हुशार आणि तोंडाने त्याहून हुशार. आई मात्र परवानगीवर राहणारी. दरवर्षी परवानगी वाढवून घ्यायची आणि वर्षभर तिच्याच काळजीत राहायचं.

या वर्षी तिला स्पष्ट सांगण्यात आलं होतं, आता वाढ मिळणार नाही. नागरिकत्व मिळालं तर राहा, नाही मिळालं तर महिनाअखेर देश सोडा. मुलगी इथे आणि आई तिथे! मावशीची झोपच उडाली होती.

फोटो काढताना काका नेहमीसारखे म्हणाले, "मावशी, चेहरा असा पडलेला नको. जरा हसा."

"फोटोत हसायचं नाही, असं लिहिलंय हो त्यात."

"मग मनातल्या मनात हसा. ते काही फोटोत येत नाही."

त्यावर मात्र तिला खरंच हसू आलं आणि फोटो दुसऱ्यांदा काढावा लागला. मला उतरवताना तिने मान चोळली. मी म्हटलं, झालं, आता हीसुद्धा मला भिरकावणार. पण तिने मला उलटंसुलटं करून पाहिलं, पिनेवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "काका, मी हा कोट घरी नेऊ का? उद्या आणून देते."

"अहो, कशाला?"

"कॉलर शिवते. माझ्यामागून कुणीतरी घालेलच ना, त्याला टोचेल."

मित्रांनो, इतक्या वर्षांत मला कुणी घरी नेलं नव्हतं. तिने मला ब्रशने झाडलं, खिशातला चॉकलेटचा कागद काढला, कॉलरला बारीक टाके घातले आणि मला खिडकीतल्या उन्हात टांगलं. तिथून मला गल्ली दिसत होती. आणि संध्याकाळी मी जे पाहिलं ते मला विसरता येणार नाही. पाळणाघरासमोरचा रस्त्यावरचा दिवा बंद होता. तिथेच रस्ता उखडलेला, त्यामुळे मुलांना न्यायला येणारे आईबाप अंधारात ठेचकाळायचे. मावशी हातात बॅटरी घेऊन दारात उभी राहिली आणि एकेकाला खड्ड्याच्या कडेने पलीकडे नेऊन सोडू लागली.

"आई, तू तक्रार का करत नाहीस?" मुलगी कंटाळून म्हणाली. "रोज काय हे बॅटरी घेऊन उभं राहायचं!"

"अगं, आपण पाहुणे. दुसऱ्याच्या घरी दिवा गेला म्हणून पाहुण्याने बोंब मारायची का?"

"आपण नाही, तू. मी इथलीच आहे. मी जाते तक्रार करायला."

"तू आधी गणितं सोडव," मावशी म्हणाली आणि विषय संपला.

मावशीचं सगळंच असं होतं. शेजारीण आपला केर हिच्या दाराशी लोटायची, ही मुकाट्याने उचलायची. रांगेत कुणी पुढे घुसलं, तर ही एक पाऊल मागे सरायची. आपण कुणाच्या डोळ्यांवर आलो तर परवानगी जाईल, ही भीती तिच्या अंगात मुरली होती. दुसऱ्या दिवशी तिने मला नीट घडी घालून परत केलं. काकूंनी माझी कॉलर बघितली आणि जराशा ओशाळून म्हणाल्या, "मी उद्या शिवणारच होते."

थोड्याच दिवसांत मावशी रडवेल्या चेहऱ्याने स्टुडिओत आली. नागरिकत्वाच्या कचेरीत नवा साहेब आला होता. भारी कडक. अर्ज तपासताना त्याने टेबलावर फोटो पसरले आणि त्याचे डोळेच पांढरे झाले. मावशीचा, गवंड्याचा, भाजीवाल्याच्या आईचा, सगळ्यांच्या अंगावर एकच कोट आणि त्याच जागी एकच पिन! त्याने निष्कर्ष काढला की ही माणसं फोटो काढायला कुठे गेलेलीच नाहीत. कुणीतरी एकाच कोटाच्या चित्रावर निरनिराळी डोकी चिकटवून खोटे फोटो विकतोय. त्याने सगळे अर्ज बाजूला काढले आणि मावशीला फर्मावलं, असा कोट खरोखर असेल तर कोट आणि फोटोवाला, दोघांना हजर करा.

"एवढंच ना?" काका म्हणाले. "कोट काय, खुंटीसकट नेतो."

असा मी आयुष्यात पहिल्यांदा सरकारी कचेरीत गेलो, तेही काकांच्या हातावर बसून. लांब खोली, खिडकीपलीकडे साहेब, अलीकडे रांग. मुलगी शाळेला दांडी मारून आईबरोबर आलेली. साहेबाने भिंगातून आधी फोटो पाहिला, मग मला पाहिलं, मग पुन्हा फोटो. माझी छाती अभिमानाने फुगली होती. बघ म्हटलं, मी खरा आहे की नाही ते.

"पिन कुठाय?" साहेब म्हणाला.

काका माझी कॉलर उलटीसुलटी करून बघू लागले.

"फोटोतल्या कोटाला पिन आहे. या कोटाची कॉलर धड आहे. म्हणजे हा तो कोट नाही."

"मी काढली साहेब," मावशी हळूच म्हणाली. "कॉलर शिवली मी."

"कशाला?"

"टोचत होती."

रांगेत कुणीतरी खुसखुसलं. साहेबाला ते लागलं. "म्हणजे पुरावा बदललात आणि वर मला सांगताय!" असं म्हणून त्याने मावशीचा अर्ज पुढे ओढला आणि नामंजुरीचा शिक्का उचलला. काका मध्ये पडले, शपथा घेऊ लागले, पण साहेब ऐकेना. मावशीच्या हाताचा घाम माझ्या बाहीला लागला. जिने माझी काळजी घेतली तिच्यावर त्या काळजीपायीच ही वेळ यावी! मला कुठे तोंड लपवावं कळेना.

आणि तेव्हा मी त्या साहेबाकडे नीट पाहिलं. डाव्या भुवईत खाच! अरे, हा तर तोच, मला हुंगणारा! आता अंगाने भरला होता, चष्मा लागला होता, पण तोच. त्याच्या गळ्यात पट्टीला अडकवलेलं कचेरीचं ओळखपत्र होतं. त्यावर कुणाचा फोटो आणि त्या फोटोत कोण, हे मला न बघताच कळलं. मी ओरडत होतो, मित्रांनो. पण तुमच्याशी बोलतो तसं मला मोठ्यांशी बोलता येत नाही. त्यांना ऐकूच येत नाही.

साहेब शिक्का शाईत बुडवायला वाकला, तसं ते ओळखपत्र पट्टीवर गर्रकन फिरलं आणि त्याची पुढची बाजू मावशीसमोर आली. तिने ते पाहिलं. तिची बोटं माझ्या बाहीवर घट्ट झाली, त्यावरून मला कळलं की तिने पिनही पाहिली.

आता बोलायचं की नाही? साहेबाची चूक, तीही भर रांगेत, आणि दाखवायची कुणी, तर जिचं इथे राहणं त्याच्याच हातात आहे तिने! एरवीची मावशी एक पाऊल मागे सरली असती. तिने मुलीकडे पाहिलं. मुलगी आईच्या पदराचं टोक मुठीत धरून उभी होती, आणि तिचं ते हुशार तोंड आज बंद होतं.

"साहेब," मावशी म्हणाली. आवाज कापत होता, पण रांगेच्या शेवटापर्यंत गेला. "शिक्का मारायच्या आधी तुमच्या गळ्यातला फोटो त्या भिंगाखाली धरा."

"माझा फोटो? त्याचा काय संबंध?"

"धरा तर खरं."

साहेबाने चिडून ओळखपत्र उचललं आणि भिंगाखाली धरलं. मग चष्मा काढला. मग चष्मा पुन्हा घातला. काळा कोट, तीच कॉलर, तीच पिन. 

"पण हा... हा तर माझ्या मामाचा कोट आहे," साहेब म्हणाला. "मी मुलाखतीला मामाचाच कोट घातला होता. आई अजून सगळ्यांना सांगते."

"मुलाखतीला घातला असेल मामाचा," काका म्हणाले, "फोटोला आमचाच आहे. हुंगून बघा हवं तर."

साहेबाने मला हातात घेतलं आणि खरोखरच नाकाशी नेलं. डांबराच्या गोळ्या! त्याच्या चेहऱ्यावर एकदम तो जुना विद्यार्थी उमटला आणि त्याला फस्सकन हसू आलं. मग रांगेत कुणाचाच धीर निघेना. पहिल्या माणसाने खिशातून आपलं ओळखपत्र काढलं. त्यात मी. त्याच्यामागच्या बाईंनी पर्स उघडली. त्यातही मी. दारावरचा पहारेकरी आपलं कार्ड उंच धरून म्हणाला, "साहेब, मलाही टोचली होती ती!" सगळी कचेरी हसायला लागली. आणि माझ्या छातीवरचं ओझं असं उतरलं, असं उतरलं, की कुणी चिमटे सोडल्यासारखं वाटलं.

साहेब मात्र हसून थांबला नाही, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. तो उभा राहिला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "ताई, चूक माझी झाली." त्याने नामंजुरीचा शिक्का खणात टाकला, दुसरा शिक्का काढला आणि मावशीच्या अर्जावर दाबून मारला. गवंड्याचा आणि भाजीवाल्याच्या आईचा अर्जही पुन्हा गठ्ठ्यात गेला. मावशी तिथल्या बाकावर मटकन बसली आणि मला तोंडाशी धरून रडली. माझं अस्तर भिजलं. भिजू दे म्हटलं, आज चालेल.

शपथेच्या दिवशी काकूंनी मला मावशीच्या अंगावर चढवलं आणि मागून स्वतः चिमटे लावले. मोठ्या दालनात कितीतरी माणसं उभी होती, निरनिराळ्या देशांतून आलेली. सगळ्यांनी हात उंचावून एका आवाजात शपथ घेतली की या देशाचे कायदे पाळू, इथल्या माणसांशी बरोबरीने वागू, या देशाच्या भल्याबुऱ्याची जबाबदारी आपली मानू. "जबाबदारी" म्हणताना मावशीने असा खोल श्वास घेतला की माझा एक चिमटा टपकन खाली पडला. मुलीने तो पटकन उचलून मुठीत लपवला.

बाहेर आल्यावर मुलगी म्हणाली, "काय वाटतंय आई? काही वेगळं?"

"अगं, वेगळं काहीच नाही. पायांतून चपला काढून घरात शिरल्यावर वाटतं ना, तसं वाटतंय." आणि मग ती एकदम थांबली. "चल, एक काम राहिलंय."

"आता कुठे? घरी जाऊया ना!"

पण मावशी तरातरा चालत होती. अंगावर मी, पाठीला चिमटे, मागून धावणारी मुलगी. लोक वळून बघत होते, ती कुणाकडे बघत नव्हती. ती थेट नगरपालिकेत गेली आणि तक्रारीच्या खिडकीशी उभी राहिली. एक माणूस मध्ये घुसायला लागला, तर त्याला म्हणाली, "दादा, रांग तिकडून आहे." तो माणूस मुकाट्याने मागे गेला. मुलगी आईकडे बघतच राहिली.

"आमच्या गल्लीतला रस्त्यावरचा दिवा बंद आहे," मावशी खिडकीतल्या बाईंना म्हणाली. "खाली रस्ताही उखडलाय. लहान मुलांना घेऊन जाणारी माणसं पडतात."

"कधीपासून बंद आहे?"

"पुष्कळ दिवस झाले."

"मग इतके दिवस का नाही आलात?"

"इतके दिवस मी पाहुणी होते," ती म्हणाली. "आता माझ्या घरातला दिवा गेलाय."

बाईंनी वर पाहिलं, पाठीवरचे चिमटे पाहिले आणि काही न विचारता तक्रार लिहून घेतली.

दिवा लागला, मित्रांनो. लगेच नाही लागला, मावशीला आणखी दोनदा जाऊन पाठपुरावा करावा लागला, पण लागला. खड्डाही बुजला. काका सांगतात की दिवा लागल्यावरही पहिल्या संध्याकाळी मावशी सवयीने बॅटरी घेऊनच दारात उभी होती आणि तिची मुलगी पोट धरून हसत होती.

मी खुंटीवर लटकल्या लटकल्या यावर पुष्कळ विचार केला. मावशी आधीही अंधारात उभी राहून लोकांना वाट दाखवत होती. आधीही माझी कॉलर तिनेच शिवली. नागरिकाने करायचं ते तर ती पाहुणी असतानाही करत होती. तिच्याकडे नव्हता तो फक्त जाब विचारण्याचा हक्क. तो हक्क तुमच्यापैकी बहुतेकांना जन्मतःच मिळालाय, फुकट, आयता. मग तुमच्या गल्लीतला दिवा गेला की कुणी तक्रार करतं का? आणि तो लागेपर्यंत कुणी बॅटरी घेऊन उभं राहतं का? माझ्या मते दोन्ही करायला हवं.

मी आता थकलोय. कापड विरलंय, रेशमी अस्तराच्या चिंध्या झाल्यात. पण कॉलर अजून पक्की आहे आणि कुणाच्या मानेला टोचत नाही. तुम्ही मोठे व्हाल, ओळखपत्राचा फोटो काढायला स्टुडिओत याल आणि काकू तुमच्या पाठीला चिमटे लावतील. तेव्हा माझं एकच मागणं लक्षात ठेवा. काही उसवलेलं दिसलं तर सांगा, जमलं तर शिवा. आणि फोटो झाला की मला भिरकावू नका, खुंटीवर नीट अडकवा. तुमच्यामागे कुणीतरी उभं आहे, त्यालाही मला घालायचं आहे.